मोठे नाव, चुकीचा भाव
रोल्स-रॉईसच्या विमान इंजिनाची कहाणी आणि तिच्यातला धंद्याचा हिशोब

डोक्यावरून मोठे विमान गेले की लहान-थोर सगळेच मान वर करतात. विमानाच्या पंखांखाली दोन जाडजूड पिंपे लटकलेली दिसतात. तीच जेट इंजिने. विमानाचा सांगाडा बनवणारी कंपनी वेगळी आणि हे इंजिन बनवणारी कंपनी वेगळी, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. मोठ्या प्रवासी विमानांची इंजिने बनवण्यात जगात तीन नावे पुढे आहेत. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक, अमेरिकेचीच प्रॅट अँड व्हिटनी आणि ब्रिटनची रोल्स-रॉईस. त्यांतल्या रोल्स-रॉईसची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रोल्स-रॉईस म्हटले की राजे-रजवाड्यांची मोटार आठवते. पण मोटारीची कंपनी आणि इंजिनाची कंपनी १९७३ पासून वेगळ्या झाल्या. आज मोटारी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूच्या मालकीच्या कंपनीत बनतात. विमान इंजिनाची कंपनी स्वतंत्र आहे आणि तिचा मुख्य कारखाना इंग्लंडमधील डर्बी शहरात आहे.

ही कहाणी आम्ही निवडली तिला कारण आहे. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी या कंपनीने दिवाळे काढले. त्या दिवशी कंपनीकडे काम नव्हते असे नाही. कारागीर कच्चे होते असेही नाही. उलट हातात शेकडो इंजिनांची ऑर्डर होती आणि मालाच्या दर्जाबद्दल जगात दुसरे नाव घेतले जात नव्हते. मग बुडाली कशी? आणि बुडालेली कंपनी पुन्हा उभी कशी राहिली? लहान-मोठा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घेण्यासारखे आहे.

मेकॅनिक आणि विक्रेता

हेन्री रॉईस यांचा जन्म १८६३ चा. वडील पिठाची चक्की चालवीत. रॉईस नऊ वर्षांचे असताना वडील वारले. मुलाने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. एका आत्याने वर्षाला २० पौंड भरून त्याला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लावले. तीनेक वर्षांनी आत्याजवळचे पैसे संपले आणि शिक्षणही थांबले. १८८४ मध्ये रॉईस यांनी एका भागीदाराबरोबर मँचेस्टरमध्ये लहानसा कारखाना काढला. विजेच्या घंटा, दिव्यांचे सामान, पुढे डायनॅमो आणि क्रेन असा माल तिथे बने.

१९०३ मध्ये त्यांनी एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिचे काम त्यांना पसंत पडले नाही. मग त्यांनी तिचा एकेक भाग पाहून आपली स्वतःची मोटार बनवली. १९०४ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्यांची चार्ल्स रोल्स यांच्याशी भेट झाली. रोल्स श्रीमंत घराण्यातले होते आणि लंडनमध्ये मोटारींचा व्यापार करीत. एकाच्या हातात हुनर होते, दुसऱ्याला गिऱ्हाईक ठाऊक होते. रॉईसने बनवायचे आणि रोल्सने विकायचे असा सौदा ठरला. १९०६ मध्ये रोल्स-रॉईस लिमिटेड कंपनी स्थापन झाली आणि १९०८ मध्ये कारखाना डर्बीला गेला.

रोल्स यांना विमानांचे फार वेड होते. १९१० मध्ये बोर्नमथ येथे विमान कोसळून ते ठार झाले. वय अवघे ३२ वर्षे. रॉईस मात्र १९३३ पर्यंत काम करीत राहिले. सर हा किताब मिळाल्यावरही ते स्वतःला मेकॅनिकच म्हणवून घेत.

विमानाच्या इंजिनाचे काम पहिल्या महायुद्धात सुरू झाले. १९१५ च्या ‘ईगल’ इंजिनाने नाव कमावले. जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन या दोघांनी अटलांटिक महासागर कुठेही न थांबता विमानाने प्रथमच ओलांडला, तेव्हा त्यांच्या विमानाला दोन ईगल इंजिने होती.

हातचे काम आणि मापाचे काम

दुसऱ्या महायुद्धात कंपनीच्या ‘मर्लिन’ इंजिनाने ब्रिटनची लाज राखली. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांना हेच इंजिन होते. युद्धाची गरज एवढी मोठी की डर्बीचा कारखाना पुरेना. म्हणून मँचेस्टरमध्ये फोर्ड मोटार कंपनीला मर्लिन बनवायचे काम दिले गेले. त्या वेळचा एक किस्सा रोल्स-रॉईसचे अभियंते स्टॅनली हूकर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. लेथवर काम करणाऱ्या आमच्या बांधवांना तो फार आवडेल.

फोर्डचे मुख्य अभियंते म्हणाले, तुमच्या नकाशांवरून आम्हाला काम करता येणार नाही. हूकर यांना वाटले, आपली मापे इतकी बारीक आहेत की फोर्डला ती जमणार नाहीत. पण गोष्ट उलटी निघाली. फोर्डचे म्हणणे होते की तुमच्या मापांतली सूट, म्हणजे टॉलरन्स, फार जास्त आहे. रोल्स-रॉईसमध्ये कसलेले फिटर होते. दोन भाग जुळले नाहीत तर कानस मारून, घासून ते नेमके बसवीत. फोर्डमध्ये हजारो नवे कामगार होते. तिथे कोणताही भाग कोणत्याही इंजिनात घासाघीस न करता बसलाच पाहिजे. त्यासाठी माप अधिक कडक हवे. फोर्डने सगळे नकाशे नव्याने काढले आणि मग त्या एका कारखान्यातून ३० हजारांहून जास्त इंजिने बाहेर पडली.

हाताचा सफाईदार कारागीर एकेक नग उत्तम बनवतो. पण माल हजारोंनी काढायचा तर हुनर हातातून मापात उतरवावे लागते. रोल्स-रॉईसने हे पाहिले आणि त्यातून शिकण्यात कमीपणा मानला नाही.

पाच पौंडांचे पेटंट

जेट इंजिनाची कल्पना इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल या हवाई दलातील तरुण अधिकाऱ्याची. १९३० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. सरकारी खात्याने त्यात रस घेतला नाही. १९३५ मध्ये पेटंट चालू ठेवण्यासाठी ५ पौंड फी भरायची वेळ आली. तेवढे पैसे त्यांना परवडले नाहीत, खात्यानेही भरले नाहीत आणि पेटंट गेले. पुढे काही मित्रांच्या भांडवलावर त्यांनी काम चालू ठेवले. १२ एप्रिल १९३७ रोजी त्यांचे इंजिन प्रथम सुरू झाले. विमान उडवण्यात मात्र जर्मनीने १९३९ मध्ये आघाडी घेतली. व्हिटल यांच्या इंजिनाचे विमान मे १९४१ मध्ये उडाले.

ही इंजिने बनवायचे काम आधी रोव्हर मोटार कंपनीकडे होते. तिथे व्हिटल आणि रोव्हर यांचे पटेना. रोल्स-रॉईसचे प्रमुख अर्नेस्ट हाईव्ह्ज यांनी रोव्हरच्या प्रमुखांना एका हॉटेलात जेवायला बोलावून साधा अदलाबदलीचा प्रस्ताव मांडला. तुम्ही आम्हाला जेटचा कारखाना द्या, आम्ही तुम्हाला रणगाड्याच्या इंजिनाचा कारखाना देतो. १९४३ च्या आरंभी हा सौदा पुरा झाला. रोव्हरने दिलेला कारखाना बार्नोल्ड्सविक या गावी होता. म्हणून पुढे कंपनीच्या जेट इंजिनांच्या क्रमांकाला ‘आरबी’ ही अक्षरे लागली. आर रोल्सचा आणि बी बार्नोल्ड्सविकचा.

जुन्या पिस्टन इंजिनांना कंपनी शिकारी पक्ष्यांची नावे देत असे. जेट इंजिनांना नद्यांची नावे दिली गेली, कारण जेटमध्ये हवेचा अखंड प्रवाह असतो. वेलँड, डरवेंट, नीन, एव्हन, कॉनवे आणि शेवटी ट्रेंट. यांतली काही नीन इंजिने ब्रिटिश सरकारच्या परवानगीने रशियाला विकली गेली. रशियाने त्यांची नक्कल केली आणि तेच इंजिन मिग-१५ लढाऊ विमानात बसले. कोरियाच्या युद्धात ही विमाने ब्रिटनच्याच मित्रांविरुद्ध लढली.

इंजिन चालते कसे

जेट इंजिनाचे काम चार पायऱ्यांत समजते. पुढून हवा आत ओढायची. तिला दाबायचे. त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळायचे. तापून फुगलेला वायू मागून जोरात बाहेर सोडायचा. वायू मागे जातो, विमान पुढे ढकलले जाते. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडला की तो जसा पळतो, तोच नियम.

हवा दाबण्यासाठी पात्यांच्या चकत्या एकामागे एक बसवलेल्या असतात. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. तो फिरवायला ताकद हवी. ती मागच्या टर्बाइनकडून मिळते. जळलेला वायू बाहेर जाताना टर्बाइनच्या पात्यांवर आपटतो, टर्बाइन फिरते आणि मधल्या शाफ्टवरून पुढचा कॉम्प्रेसर फिरतो. पाणचक्की जशी पाण्याने फिरते तशी ही वायूने फिरते.

सुरुवातीच्या इंजिनांत सगळी हवा भट्टीतून जात असे. त्यामुळे आवाज फार आणि इंधनही फार. मग असे लक्षात आले की पुढे मोठा पंखा लावून बरीचशी हवा भट्टीच्या बाहेरून मागे ढकलली तर तेवढ्याच इंधनात जास्त जोर मिळतो. या पद्धतीचे प्रवासी विमानांत प्रथम वापरले गेलेले इंजिन म्हणजे रोल्स-रॉईसचे कॉनवे. एअर इंडियाने १९६० मध्ये घेतलेल्या पहिल्या बोईंग ७०७ विमानांना हीच कॉनवे इंजिने होती. कॉनवेमध्ये बाहेरून जाणारी हवा थोडी होती. आजच्या ट्रेंट एक्सडब्ल्यूबी इंजिनात भट्टीतून एक भाग हवा जाते तेव्हा बाहेरून जवळजवळ साडेनऊ भाग जाते. त्याच्या पुढच्या पंख्याचा व्यास सुमारे ३ मीटर आहे.

१९६८ चा सौदा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९६० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या विमानांची तयारी सुरू झाली. लॉकहीड कंपनी ‘ट्रायस्टार’ नावाचे तीन इंजिनांचे विमान बनवणार होती. या बाजारात शिरलो नाही तर पुढे काम राहणार नाही अशी रोल्स-रॉईसला धास्ती होती. समोर दोन बलाढ्य अमेरिकन कंपन्या. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाची किंमत उतरली होती, त्यामुळे ब्रिटिश माल अमेरिकेला स्वस्त पडत होता. कंपनीने कमी भाव सांगितला आणि मार्च १९६८ मध्ये सौदा मिळवला. इंजिनाचे नाव आरबी-२११. इंग्लंडमध्ये या विजयाचा मोठा गाजावाजा झाला.

पण करारनाम्यात काय होते ते पाहा. भाव आधीच बांधलेला होता. माल वेळेवर दिला नाही तर दंड होता. आणि जो माल द्यायचा तो अजून बनलेलाच नव्हता.

त्यातही कंपनीने एकाच वेळी तीन नव्या गोष्टी अंगावर घेतल्या. हे इंजिन कंपनीच्या आधीच्या सर्वात मोठ्या प्रवासी इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट जोराचे होते. त्यात दोनऐवजी तीन शाफ्ट एकात एक बसवायचे होते. आणि पुढच्या पंख्याची पाती धातूऐवजी कार्बन फायबरची करायची होती. कार्बन फायबर वजनाला फार हलके. त्यावरच कमी वजनाचे आणि कमी इंधनाचे आश्वासन दिले होते. हे सगळे ज्यांच्या भरवशावर होते ते तांत्रिक प्रमुख एड्रियन लोम्बार्ड १९६७ मध्येच अचानक वारले होते. त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस तयार नव्हता.

उडत्या विमानाच्या इंजिनात पक्षी शिरतात, म्हणून प्रत्येक नव्या इंजिनावर मेलेली कोंबडी तोफेतून मारून चाचणी घेतात. मे १९७० मध्ये ही चाचणी झाली आणि कार्बन फायबरची पाती फुटून तुकडे झाले. सावधगिरी म्हणून टायटॅनियम धातूच्या पात्यांचे काम बाजूने चालू ठेवले होते, म्हणून निभावले. पण टायटॅनियम जड आणि महाग. वजन वाढले, वेळ गेला, खर्च वाढला.

सप्टेंबर १९७० मध्ये कंपनीने सरकारला कळवले की इंजिन तयार करण्याचा खर्च १७ कोटी पौंडांवर गेला आहे. मूळ अंदाजाच्या हा जवळजवळ दुप्पट होता. त्याहून वाईट म्हणजे एक इंजिन बनवायला जो खर्च येणार होता तो त्याच्या विक्रीच्या भावापेक्षा, म्हणजे सुमारे २ लाख ३० हजार पौंडांपेक्षा, जास्त होता. साध्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक नगावर तोटा. शेकडो नगांची ऑर्डर हातात आहे म्हणून जी कंपनी खुशीत होती, तिच्यासाठी तीच ऑर्डर गळफास ठरली. जितका माल जास्त तितका तोटा जास्त.

वहीखात्यातही एक गोम होती. नव्या इंजिनांच्या संशोधनावर झालेला खर्च कंपनी त्या वर्षाचा खर्च म्हणून न मांडता पुढे मिळणाऱ्या फायद्याची मालमत्ता म्हणून मांडीत असे. त्यामुळे वर्षाअखेर नफा दिसत राहिला. तिजोरी रिकामी होत होती आणि वही भरलेली दिसत होती. रोख किती उरली हे रोज पाहणाऱ्या लहान दुकानदाराला जे समजते, ते एवढ्या मोठ्या कंपनीला वेळेवर दिसले नाही.

दिवाळे आणि पुनर्जन्म

४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीवर रिसिव्हर नेमला गेला. ज्यांचे पैसे कंपनीत अडकले होते त्यांच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेणारा हा माणूस. ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. डर्बी शहरातील हजारो घरांची चूल या कारखान्यावर पेटत होती. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांचे बिल अडकले. अमेरिकेत लॉकहीडही बुडायच्या बेतात आली, कारण विमान तयार आणि इंजिन नाही.

त्या वेळचे पंतप्रधान एडवर्ड हीथ खाजगी उद्योगांचे कैवारी. बुडणाऱ्या धंद्यांना सरकारने हात देऊ नये असे त्यांच्या पक्षाचे धोरण होते. तरी हवाई दल आणि कित्येक देशांच्या विमान कंपन्या या इंजिनांवर अवलंबून असल्याने त्यांना कंपनी सरकारी मालकीची करावी लागली. नंतर लॉकहीडबरोबर पुन्हा बोलणी झाली. इंजिनाचा भाव वाढवून घेतला गेला आणि उशिराच्या दंडाची अट काढली गेली. लॉकहीडला कर्जाची हमी देण्याचा ठराव ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये केवळ एका मताने मंजूर झाला.

पैशाचा प्रश्न असा सुटला, पण इंजिन अजून पुरा जोर देत नव्हते. तेव्हा मर्लिनच्या काळातले ते स्टॅनली हूकर निवृत्तीतून परत आले. त्यांनी आपल्याबरोबर जुने, निवृत्त झालेले जाणकार गोळा केले आणि तरुणांच्या बरोबरीने बसवले. टर्बाइनमधील दोष शोधून काढले. एप्रिल १९७२ मध्ये आरबी-२११ ला मंजुरी मिळाली आणि त्याच महिन्यात ट्रायस्टार प्रवाशांना घेऊन उडू लागले.

ज्या इंजिनाने कंपनी बुडवली त्याच इंजिनाने पुढे ती तारली. तीन शाफ्टची रचना मजबूत निघाली. तेच इंजिन सुधारून बोईंग ७४७ आणि ७५७ ला बसले आणि त्यातूनच ट्रेंट इंजिनांचे घराणे जन्मले. १९८७ मध्ये सरकारने कंपनीचे शेअर लोकांना विकले. म्हणजे १९६८ मध्ये माल चुकला नव्हता. भाव आणि मुदत चुकली होती.

मेणाचा साचा आणि एका दाण्याचे पाते

आमच्या वाचकांत ओतारी, नक्षीकाम करणारे, लेथवाले पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी टर्बाइनच्या पात्याविषयी दोन शब्द. हे पाते तळहाताएवढे असते. त्याच्यावर येणारा वायू इतका तापलेला असतो की ज्या धातूचे ते पाते आहे तो धातूही त्या उष्णतेत वितळावा. तरी ते मिनिटाला १० हजारांहून जास्त फेरे घेत हजारो तास टिकते. कसे?

पाते निकेलच्या मिश्रधातूचे असते आणि बनते मेणाच्या साच्याने. आधी मेणाचे पाते करायचे. त्यावर चिनी मातीसारख्या लेपाचे थर द्यायचे. मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडे पितळेच्या मूर्ती ज्या रीतीने शेकडो वर्षे ओतल्या जातात तीच ही रीत. फरक पुढे आहे. साधा ओतलेला धातू थंड होताना त्यात असंख्य दाणे तयार होतात आणि दोन दाण्यांमधल्या सांध्यावर तो उष्णतेत तुटतो. म्हणून हा साचा निर्वात भट्टीतून अगदी हळू खाली काढतात. तळाशी डुकराच्या शेपटीसारखी एक वळणावळणाची नळी असते. तिच्यातून एकच दाणा वर येऊ शकतो आणि सगळे पाते त्या एकाच दाण्याचे बनते. सांधाच नाही, मग तुटणार कुठे?

याशिवाय पात्याच्या पोटात बारीक वाटा ठेवलेल्या असतात. कॉम्प्रेसरमधून आणलेली त्यातल्या त्यात थंड हवा त्यांतून जाते, बारीक छिद्रांतून बाहेर पडते आणि पात्यावर हवेचे पातळ पांघरूण धरते. शिवाय वरून उष्णता अडवणारा लेप.

आता या कामात चूक किती महाग पडते ते पाहा. ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटास कंपनीच्या ए-३८० विमानाने सिंगापूरहून ४६९ माणसे घेऊन उड्डाण केले. काही मिनिटांत एक ट्रेंट-९०० इंजिन फुटले आणि टर्बाइनच्या चकतीचे तुकडे पंखातून आरपार गेले. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले, कोणाला इजा झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या तपास खात्याने कारण शोधले. तेल नेणाऱ्या एका आखूड नळीच्या तोंडाचे बोअरिंग केंद्रावर बसले नव्हते. त्यामुळे नळीची भिंत एका बाजूला नको इतकी पातळ झाली. तिला तडा गेला, तेल गळाले, आग लागली. चार इंजिनांचे अवाढव्य विमान आणि दोष लेथवरच्या एका सरकलेल्या छिद्राचा. तपासणीत तो भाग पुढे सोडला गेला होता, हे त्याहून लक्षात ठेवण्यासारखे.

कमाई तासाच्या हिशोबाने

बहुतेकांना वाटते की इंजिन विकून कंपनी श्रीमंत होते. प्रत्यक्षात मोठे इंजिन विकताना नफा नाममात्र असतो, कधी तोटाही असतो. खरी कमाई नंतरची. इंजिन वीस-पंचवीस वर्षे चालते आणि तेवढा काळ त्याला दुरुस्ती आणि सुटे भाग लागतात. त्यासाठी एक वेगळी रीत निघाली. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली कंपनीने ती सुरू केली. ती कंपनी १९६६ मध्ये रोल्स-रॉईसने घेतली. रीत अशी की विमान कंपनीने इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचे ठरलेले पैसे द्यायचे. देखभाल, दुरुस्ती, सुटे भाग हे सगळे इंजिन बनवणाऱ्याच्या अंगावर.

यातली खुबी व्यापाऱ्याच्या चटकन लक्षात येईल. दुरुस्तीवर बिल लावणाऱ्याला माल बिघडला तर फायदा होतो. तासावर पैसे घेणाऱ्याला माल चालला तरच फायदा होतो. म्हणजे विकणारा आणि घेणारा या दोघांचे हित एका बाजूला येते.

पण या रीतीतही जोखीम आहेच. २०१६ पासून ट्रेंट-१००० इंजिनांची काही पाती अपेक्षेपेक्षा लवकर झिजू लागली. कितीतरी बोईंग ७८७ विमाने जमिनीवर बसली आणि कंपनीला दोन अब्ज पौंडांहून जास्त भुर्दंड पडला. पाठोपाठ २०२० मध्ये कोरोनाची साथ आली. विमाने उडेनात, तास भरेनात, पैसे येईनात. कंपनीने ९ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले आणि भागधारकांकडे नव्या भांडवलासाठी हात पसरला.

जानेवारी २०२३ मध्ये तुर्की वंशाचे तुफान एर्गिनबिल्गिच यांनी कंपनीची सूत्रे घेतली. त्यांनी जे केले त्यातला एक भाग १९७१ सारखाच होता. ज्या करारांत तासाचा दर परवडत नव्हता, ते करार गिऱ्हाइकांसमोर बसून पुन्हा ठरवले. त्याबरोबर खर्च आवरला आणि पाती अधिक टिकावू करण्यावर पैसा घातला. २०२४ मध्ये कंपनीचा कामकाजातला नफा सुमारे अडीच अब्ज पौंड झाला.

एक डाग मात्र सांगितलाच पाहिजे. परदेशात कामे मिळवण्यासाठी दलालांमार्फत लाच दिल्याच्या प्रकरणांत कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि ब्राझील या देशांच्या अधिकाऱ्यांशी तडजोड केली आणि एकूण ६७ कोटी १० लाख पौंड भरायचे कबूल केले. त्या प्रकरणांत भारताचेही नाव होते. शंभर वर्षांच्या नावाला लागलेला हा बट्टा कोणत्याही तोट्यापेक्षा मोठा आहे.

आपल्याकडील धागे

या उद्योगाचा आपल्याशी संबंध नाही असे कोणी समजू नये. जॅग्वार लढाऊ विमानाची अडूर इंजिने बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बनवली. एअर इंडियाने २०२४ पासून उडवलेल्या ए-३५० विमानांना ट्रेंट एक्सडब्ल्यूबी इंजिने आहेत. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने रोल्स-रॉईससाठी इंजिनाचे भाग बनवण्याचे काम घेतले. पुण्याच्या भारत फोर्जने फेब्रुवारी २०२५ मध्ये लहान जेट विमानांच्या इंजिनांसाठी पंख्याची पाती बनवण्याचा करार केला. मोठ्या कारखान्यांच्या मागे लहान वर्कशॉप असतात. जिग, फिक्स्चर, हत्यारे, तपासणीची साधने हे काम शेवटी लेथ आणि मिलिंगवर बसणाऱ्या माणसाकडेच येते. तिथे टिकायचे तर प्रत्येक नगाचे माप लिहून ठेवायची सवय हवी. नजरेचा अंदाज, मग तो उस्तादाचा का असेना, तिथे चालत नाही.

आमच्या बांधवांपैकी पुष्कळांना मोठी ऑर्डर हातची जाईल या भीतीने भाव पाडून काम घ्यावे लागते. कच्च्या मालाचा दर उद्या काय होईल ठाऊक नाही, नमुना अजून बनलेला नाही, मुदत गिऱ्हाइकाने ठरवलेली आणि दंडाची अट बारीक अक्षरात. रोल्स-रॉईसने हेच केले होते. तिला वाचवायला एक सरकार उभे राहिले. लहान कारखानदाराला वाचवायला कोणी येत नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. जो नग अजून बनवून पाहिला नाही त्याचा भाव बांधून देऊ नये. द्यावाच लागला तर कच्च्या मालाच्या दराची अट करारनाम्यात लिहून घ्यावी. नवीन काम एका वेळी एकच अंगावर घ्यावे आणि जुनी, खात्रीची वाट मोकळी ठेवावी, जशी टायटॅनियमची पाती ठेवली होती. नफा वहीत किती दिसतो यापेक्षा गल्ल्यात किती आहे ते पाहावे. आणि सौदा अंगलट येतोय असे दिसले तर तोंड लपवण्यापेक्षा गिऱ्हाइकासमोर बसून खरा हिशोब मांडावा. लॉकहीडने भाव वाढवून दिला, कारण इंजिनाशिवाय तिचे विमान उडणार नव्हते. चांगला माल देणाऱ्याची गरज गिऱ्हाइकालाही असतेच.